विसाचं वजन आणि मी

माझे वडील मार्केट यार्डात तोलार होते. गुळाची वजनं करायचे. शेतकऱ्यानं गाडीतून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरवले की हमाल ते पारड्यात चढवणार आणि अण्णा काट्याकडं एकदाच बघून आकडा पुकारणार. वडिलांना आम्ही अण्णाच म्हणायचो. एकदा त्यांनी पुकारलं की विषय संपला. शेतकरी असो नाहीतर व्यापारी, परत मोजा म्हणून कुणी म्हणत नसे. तसं म्हणणं म्हणजे तोलाराच्या थोबाडीत मारणंच.

ते ज्या अडत दुकानात होते तिथं छताच्या तुळईला एक भला मोठा तराजू टांगलेला होता. लोखंडी दांडी, दोन्ही बाजूंना साखळ्या, आणि माणूस मांडी घालून बसेल एवढी पारडी. भिंतीलगतच्या कट्ट्यावर मापं ओळीनं मांडलेली असत, विसाच्या, म्हणजे वीस किलोच्या वजनापासून पार शंभर ग्रॅमपर्यंत. रोज संध्याकाळी अण्णा ती गोडेतेलाच्या फडक्यानं पुसत. एखादं जरी इकडचं तिकडं झालं तरी त्यांना चैन पडत नसे.

अशा माणसाच्या घरात मी चंद्र घेऊन आले.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी बारावी सायन्सला होते. कॉलेजच्या लायब्ररीत अंतराळप्रवासावरचा एक जुना इंग्रजी ग्रंथ होता, पुठ्ठ्याची पाठ निघालेला. तो घरी न्यायला देत नसत म्हणून मी रोज तासभर तिथं बसून शंभरपानी वहीत उतरवून घ्यायची. कोण कधी वर गेला, किती दिवस राहिला, त्याआधी काय करत होता. उतरवता उतरवता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. यातली कितीतरी माणसं अमेरिकेच्या नौदलाच्या अकादमीतून बाहेर पडलेली होती. एक चंद्राभोवती फेरी मारून आलेला, एक चंद्रावर पाय ठेवून आलेला, आणि दोघांचीही सुरुवात आपली बोटीवर. पाण्यावर शिकायचं आणि आभाळात जायचं! मला हे इतकं आवडलं की त्यांची मी वेगळी यादीच केली. नंबर घालून. शेवटचा नंबर घातला आणि पुढची ओळ मोकळी ठेवली.

मोकळी कुणासाठी, ते कुणाला सांगायची गरज नव्हती. मला जायचं होतं.

आता हसू येतं, पण तेव्हा मी अजिबात हसत नव्हते. पेपरात आपल्या नौदलाच्या अकादमीची जाहिरात आली. बारावीनंतर घेत होते, गणित आणि फिजिक्स पाहिजे. दोन्ही होतं माझ्याकडं. वय बसत होतं. मी पेन्सिलीनं एकेका अटीसमोर बरोबरची खूण करत खाली आले, आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं: फक्त अविवाहित पुरुष उमेदवार. आमच्या कोल्हापुरात मुली सगळ्या ‘मी आलो’, ‘मी गेलो’च म्हणतात. पण अर्जाच्या कागदाला तेवढ्यानं भागत नाही. मी ती जाहिरात घडी करून वहीत ठेवली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. आईला वाटलं, पित्त झालंय.

माझा भाऊ माझ्याहून दीड वर्षानं लहान. दोन वर्षांनी तो बारावीला आला तेव्हा मी बी.एस्सी.ला होते. मी त्याच्यासमोर वही उघडली. म्हणाले, “हे बघ. ह्यो रस्ता हाय.”

तो फुटबॉलचं वेड असलेला पोरगा. आमच्या पेठेतल्या तालमीच्या टीमकडून खेळायचा. अंगानं काटकुळा, पायात वारं. त्यानं वही वरपासून खालपर्यंत वाचली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “बरं.” एवढंच. मला तेवढं पुरलं. अर्ज मी भरला, फोटो मी चिकटवला, गणितं मी करून घेतली.

घरात सांगायची पाळी आली ती संध्याकाळच्या जेवणाला. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत ताटं उचललेली असायची. मी सगळं समजावून सांगितलं. अकादमी, मग नौदल, मग नशिबानं साथ दिली तर विमान, आणि मग कधीतरी आभाळाच्याही वर. तिथं गेल्यावर माणसाला वजनच नसतं, हेही सांगितलं.

अण्णांचा घास हातातच राहिला.

“वजन न्हाय म्हंजे?”

“न्हाय म्हंजे न्हाय. सगळं तरंगतंय.”

“वस्तू हाय, दिसालीया, आणि वजन न्हाय?” त्यांनी आईकडं बघितलं. “मग तितं तोलार काय करतोय?”

आईची काळजी निराळी. “आणि तवा कशावर ठेवत्यात? भाकरी तरंगाय लागली तर भाजणार कशी?”

भाऊ हसत सुटला. मी चिडले. पण एक झालं, आठ दिवसांत पेठभर झालं की तोलाराचा पोरगा चंद्रावर चाललाय. मधली अकादमी लोकांनी गाळूनच टाकली.

लेखी परीक्षा तो पास झाला आणि मुलाखतीला बेंगळूरला बोलावणं आलं. दोन महिने हातात होते. इथं सगळं बिघडलं.

आमच्या घरासमोर तालीम. तिथल्या वस्तादांचा शब्द पेठेत शेवटचा. त्यांनी पत्र उलटसुलट करून बघितलं, वाचता येत होतं की नाही देव जाणे, आणि भावाचा दंड चिमटीत धरला. “हे असलं अंग घेऊन सरकारफुडं हुबा राहणार व्हय रं? फुंकर मारली तर उडून जाईल. नौदलात काय, दोर वढाय लागत्यात, तोफा वढाय लागत्यात. अंगात रग पायजे.” आणि त्यांनी खुराक सांगितला.

अण्णांना ते पटलं. यार्डात जड ते चांगलं, हा त्यांचा जन्माचा हिशेब. आईला तर फार पटलं, कारण पोरगं खात नाही हे तिचं कायमचं दुखणं. फुटबॉल बंद झाला, पाय मोडला तर काय घ्या. सकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचं, म्हैस समोर पिळायची आणि फेसासकट गरम दूध तिथंच उभ्यानं प्यायचं, मोठा ग्लास, एक नव्हे दोन. घरी आल्यावर बदाम घातलेली थंडाई. जेवणात भाकरीवर तूप, भातावर तूप, वरणावर तूप. दुपारी खव्याचे लाडू. आणि रविवारी यार्डात नेऊन पारड्यात बसवायचं, हमालांच्या देखत.

“अठ्ठावन्न!” अण्णा पुकारायचे. पुढच्या खेपेला “साठ!” हमाल टाळ्या वाजवायचे. मी, सायन्सची मुलगी, वहीवाली, मीही टाळ्या वाजवल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांनी वस्तादांना बोल लावला. माझ्या डोक्यात एवढं आलं नाही, की ज्या अर्जाच्या अटी मी पाठ केल्या होत्या त्यात उंचीपुढं वजनाचाही तक्ता असणार.

बेंगळूरला मुलाखतीत तो निवडला गेला. मग डॉक्टरी तपासणी झाली. तिसऱ्या दिवशी तो एसटीतून उतरून घरी आला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, “जाड हाय म्हणाले.”

“कोण?” अण्णांनी विचारलं.

“मी.”

“तू?”

“बहात्तर भरलं. त्रेसष्टच्या आत पायजे म्हणत्यात माझ्या उंचीला.”

तेवढ्यात वस्ताद पेढे घ्यायला म्हणून आत आले. त्यांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. “कमी भरलं म्हणून काढलं तर समजू शकतो. पर जास्त भरलं म्हणून? असलं कसलं सरकार?” आणि मग माझ्याकडं वळून, “आगं, चंद्रावर वजन नसतंय म्हणालीस की! मग ह्यांना कशाला पायजे वजन?”

अति तिथं माती म्हणतात, ती ही.

एक आशा होती. सहा आठवड्यांनी मुंबईच्या नौदलाच्या हॉस्पिटलात पुन्हा तपासणी होणार होती. तोवर नऊ किलो उतरले तर अकादमी, नाहीतर वय निघून जाणार. पुढच्या खेपेला तो बसू शकत नव्हता.

आई रात्रभर जागी होती म्हणे. सकाळी तिनं तुपाचं भांडं फळीवर पार वरती ठेवलं, माझाही हात पोचणार नाही असं. म्हणाली, “मी चढवलंय, मी उतरवतो.” तिनं एकाशनाचा नेम धरला. दिवसातून एकदाच जेवायचं, एका बैठकीत, उठलं की परत अन्नाला हात नाही. हा नेम आमच्यात पर्युषणात धरतात, आईला सवय होती. पण तिनं धरला तो भावाबरोबर. “त्यो एकदा जेवणार, तर मीबी एकदाच. त्येचा काटा मधे येईपतूर.” अण्णा म्हणाले, तुला कशाला, तुझं वजन कुणी मागितलंय? तिनं ऐकलं नाही. पोराला उपाशी ठेवून तिच्या घशाखाली घास उतरला नसता, हे तिनं बोलून दाखवलं नाही एवढंच.

अण्णांनी आपल्या पद्धतीनं सोय केली. दर आठवड्याला यार्डाच्या सुट्टीदिवशी मालकाच्या परवानगीनं दुकान उघडायचं. त्रेसष्ट किलो व्हायला मापं चढवत बसायचा त्यांना कंटाळा नव्हता, पण त्यांनी मला पारड्यात बसवलं. मोजलं तर मी भरले त्रेचाळीस.

“झ्याक,” अण्णा म्हणाले. “ही आणि विसाचं वजन. त्रेसष्ट. ज्या दिवशी दांडी सरळ हुईल त्या दिवशी पोरगं पास.” आणि मला दम दिला, “तू नेहमीसारखं जेवायचं. कमी न्हाय, जास्त न्हाय. तू माप हायस.”

असं मी माप झाले. घरात दोन माणसं एकभुक्त आणि मी त्यांच्यासमोर बसून दोन्ही वेळा जेवायची, कारण मापानं झिजायचं नसतं. तो घास कसा गिळत होते ते माझं मला ठाऊक. राग यायचा. कुणाचा ते नीट सांगता यायचं नाही. जाहिरातीतल्या त्या शेवटच्या ओळीचा, वस्तादांचा, आणि खरं सांगायचं तर भावाचाही. ज्याला दार उघडं होतं त्यानं दूध पिऊन ते बंद करून घेतलं होतं. आणि मी लोखंडाच्या विसाच्या वजनाशेजारी मांडी घालून बसले होते, तो वर चढावा म्हणून खाली.

पहिल्या खेपेला त्याचं पारडं जमिनीवर आपटलं आणि मी वरती लटकले. तो पळत होता. पहाटे उठून रंकाळ्याला फेऱ्या, तिथून पंचगंगेच्या घाटापर्यंत. वाटेत दूध कट्टा लागायचा. गवळी ओरडायचा, “अवो पैलवान, गलास भरलाय की!” हा मान खाली घालून रस्ता ओलांडायचा. दुसऱ्या आठवड्यात चार किलो उतरले. तिसऱ्यात दोन. चौथ्यात एक. फुटबॉलवाला पोरगा परत दिसायला लागला, गाल आत गेले. पण पाचव्या आठवड्यात काटा हलेना.

आणि आई खंगत चालली. मुळात तिच्या अंगावर होतं किती? पाचव्या आठवड्यात नळावर घागर भरताना तिला भोवळ आली आणि ती तिथंच बसली. शेजारणीनं धरून घरात आणलं. अण्णा हात जोडून म्हणाले, आता सोड. आई म्हणाली, “काटा मधे आलाय?”

“आला न्हाय.”

“मग न्हाय.”

त्या सुट्टीला मी सगळ्यांच्या आधी यार्डात गेले. मालकाच्या पोराकडून किल्ली घेतली, दुकान उघडलं, झाडून काढलं. आणि कट्ट्यावरचं दोन किलोचं वजन उचललं, ओढणीत गुंडाळलं आणि ड्रेसच्या आत कमरेला बांधलं. तोलाराची पोरगी मी. मापात पाप करू नये, हे मला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं. तरीही बांधलं ते घट्ट बांधलं.

अण्णा, आई, भाऊ आले. आई दाराशीच फरशीवर बसली. मी विसाच्या वजनाशेजारी बसले, भाऊ समोरच्या पारड्यात. अण्णांनी दांडी सोडली. दोन्ही पारडी हलली, खाली वर झाली, आणि काटा सावकाश मधे येऊन उभा राहिला.

आईनं डोळे मिटले.

अण्णा काट्याकडं बघत होते. मग त्यांनी कट्ट्याकडं बघितलं. मापांच्या ओळीत पाच किलो आणि एक किलो यांच्यामध्ये जागा रिकामी होती. मग त्यांची नजर माझ्याकडं आली. ड्रेसवर कमरेपाशी रुपयाएवढा तेलाचा डाग फुटला होता. आता हे काय बोलतील, या विचारानं मी पारड्याची साखळी गच्च धरली.

अण्णांनी तोंड वर केलं आणि यार्डात पुकारत तसं, सगळा दम लावून पुकारलं, “त्रेसष्ट! बरोब्बर!”

आईनं त्या दिवशी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, दुसऱ्यांदा ताट घेतलं. मी वाढलं. ती जेवताना रडत होती आणि हसतही होती आणि मला आत कापून काढल्यासारखं होत होतं. कारण मी भावाला पास केलं नव्हतं, फक्त काट्याला गप्प केलं होतं. मुंबईच्या हॉस्पिटलात मी माप म्हणून बसणार नव्हते. तिथं तो दोन किलो जास्त भरणार आणि अण्णांची पुकार खोटी पडणार. आयुष्यातली पहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर अण्णा अंगणात उभे होते, धोतर वर खोचलेलं, पायात भावाचे जुने कॅनव्हासचे बूट. भावाला हलवून उठवत होते.

“उठ. आठ दिस राह्यल्यात.”

“अण्णा, काटा मधे आलाय की.”

“आलाय तर जाऊबी शकतोय. काटं चंचल असत्यात. दोन किलो हातचं पायजेत. चल.”

पन्नाशीचा माणूस, तीस वर्षं गुळाच्या धुळीत उभा राहिलेला. ते आठ दिवस पोराबरोबर रंकाळ्याभोवती पळाले. पळाले म्हणजे काय, पहिल्या दिवशी निम्म्यातच कट्ट्यावर बसले. पण रोज गेले. लोक म्हणाले, पोरगं चंद्रावर चाललंय, बा कुठं चाललाय? अण्णा म्हणायचे, बसस्टॉपपतूर सोडाय. त्यांच्या तळपायाला फोड आले होते आणि आई त्याला तेल लावायची. तिला काहीच माहीत नव्हतं. मला एकटीला माहीत होतं की हा माणूस का पळतोय. मी स्वयंपाकघरात उभी राहून ओठ चावायची.

मुंबईहून फोन येणार तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. सकाळपासून आम्ही तिघं तिथं, वस्तादही येऊन तांदळाच्या पोत्यावर बसले. दुपारी वाजला. अण्णांनी उचलला.

“झालं, अण्णा. घेतलं मला,” भाऊ तिकडून इतक्या मोठ्यानं ओरडला की आम्हालाही ऐकू आलं. वस्तादांनी शेंगदाण्याच्या डब्यावर थाप मारली. आईनं पदर तोंडाला लावला.

अण्णांनी विचारलं, “किती भरलं?”

“काय?”

“वजन किती भरलं म्हणतोय?”

“साडेबासष्ट.”

अण्णांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. घरी येताना रस्त्यात एवढंच म्हणाले, “ते दोनाचं माप पुसून ठेव. घाम लागलाय त्येला.” मी त्याच संध्याकाळी जाऊन पुसून ठेवलं.

भाऊ गेला. अकादमी संपवून बोटीवर लागला. विमानाकडं त्याला घेतलं नाही, का ते त्यानं कधी नीट सांगितलं नाही आणि मी विचारलं की विषय बदलायचा. दिशा ठरवणारा अधिकारी झाला, मोठमोठ्या बोटी कुठून कुठं न्यायच्या ते बघायचा. मी बी.एड. करून शाळेत फिजिक्स शिकवायला लागले. वही कपाटात होती. आमच्या पेठेनं मात्र चिकाटी सोडली नाही. तो सुट्टीवर आला की कोपऱ्यावर कुणीतरी विचारायचंच, “काय साहेब, जाऊन आला न्हवं?” आणि बोट वर.

दोन हजार साल उलटल्यावर चारेक वर्षांनी यार्डात सगळीकडं विजेचे काटे आले. आकडा आपोआप लाल अक्षरात दिसायचा, पुकारायला माणूस लागेना. अण्णांचीही वर्षं भरली होतीच. मालक म्हणाला, तराजू भंगारात जाणार, शिरोलीच्या लोखंड वितळवायच्या भट्टीत. मापं तेवढी आठवण म्हणून घेऊन जावा. भाऊ सुट्टीवर होता. आम्ही दोघं अण्णांबरोबर मापं आणायला गेलो. सकाळी अकराची वेळ, बाहेर हमाल विजेच्या काट्यावर रवे चढवत होते.

अण्णा एकेक माप फडक्यानं पुसून गोणपाटात ठेवत होते. दोन किलोचं हातात आलं तेव्हा थांबले.

“ह्ये तुझ्या अक्काच्या कमरेला हुतं,” त्यांनी भावाला सांगितलं. “पाचव्या आठवड्यात.”

दहा वर्षांनी फुटलं! भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी सगळं सांगून टाकलं. आईची भोवळ, तेलाचा डाग, अण्णा का पळत होते ते. तो कट्ट्यावर बसला.

“अक्का,” मग तो म्हणाला, “मला चंद्रावर कधीच जायचं नव्हतं.”

मला वाटलं मी चुकून भलतंच ऐकलं. “काय म्हणालास?”

“मला फुटबॉल खेळायचा हुता. तू वही दाखवलीस ना, तवा तुझं तोंड बघितलं मी. त्या तोंडाला न्हाय म्हणवलं न्हाय. समुद्र आवडला मला, तसं काय न्हाय. मी सुखात हाय. पर वहीतली ती मोकळी वळ माझी न्हवती.”

मी अशी भडकले म्हणता! “आत्ता सांगतोस व्हय रं? आई नळावर पडली, अण्णांचे पाय सोलले, आणि तू फुटबॉल म्हणतोस? तेव्हा जीभ गहाण ठेवली होतीस?” आणि बोलता बोलता मला रडूच कोसळलं. तिशी पार केलेली बाई, पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवणारी, गुळाच्या दुकानात हुंदके देत उभी. राग त्याचा नव्हताच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं म्हणालं होतं की ती ओळ माझी होती.

भाऊ उठला. बूट काढले. जाऊन पारड्यात मांडी घालून बसला, तेच पारडं, ज्यात मी बसायची. जहाजावरच्या जेवणानं तो आता चांगला ऐंशीला टेकला होता. पारडं धप्पकन फरशीला लागलं.

“बस की,” तो म्हणाला. “आज मी माप.”

“येडा हायस का? लोक बघालेत.”

“बघू देत की. बस.”

मी अण्णांकडं बघितलं. वाटलं, रागावतील. ते गोणपाट बाजूला सारून उठले आणि दुसरं पारडं दोन्ही हातांनी ओढून खाली धरलं, मला चढता यावं म्हणून. मी साडी सावरून बसले, साखळ्या धरल्या. अण्णा म्हणाले, “गच्च धर.” आणि हात सोडले.

सावकाश, कुरकुरत, मी वर गेले. पाय खाली सोडले होते ते फरशीवरून सुटले. वाकलेल्या अण्णांचं टक्कल मी पहिल्यांदाच वरून बघितलं. तुळईवर वर्षानुवर्षांची गुळाची धूळ होती, ती हादऱ्यानं झडून नाकाशी आली. खाली भाऊ मान वर करून बघत होता, डोळे भरलेले. किती वर गेले असेन? हातभर, फार तर सव्वा हात. मी साखळी धरून तशीच लोंबकळत राहिले. मला उतरायचंच नव्हतं.

अण्णांनी काट्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं, छाती भरून श्वास घेतला आणि जुन्या आवाजात, पार रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं पुकारलं,

“लेक आभाळात!”

बाहेरचे हमाल रवे हातात धरून थांबले आणि आत बघायला लागले. परत मोजा म्हणून कुणी म्हणालं नाही.